यरुशलेमेकडे उघडी खिडकी
(दानीएल, अध्याय १ व ६ वाचावे.)



दहावी-बारावीचे निकाल लागले आणि आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरी आनंद झाला. ज्या घरात आजोबांनी जन्मभर सहीच्या जागी अंगठा उठविला, त्या घरची नात आज बारावी उत्तीर्ण होते, ही लहान गोष्ट नव्हे. याबद्दल देवाची स्तुती असो. आता थोड्याच दिवसांत तुमच्यापैकी कित्येकजण पेटी भरून दूरच्या शहरास निघाल. त्यापूर्वी दोन शब्द तुमच्यापाशी बोलावेत असे आमच्या मनात आहे.

दानीएल व त्याचे तिघे सोबती तुमच्यासारखेच तरुण होते. त्यांस बाबेलास नेण्यात आले व तीन वर्षे खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकविण्यात आली. त्यांची नावेदेखील बदलली. दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. त्यांनी विद्येचा अव्हेर केला नाही. उलट ती मन लावून संपादन केली. शिकण्यात पाप नाही. परंतु राजाच्या ताटातील अन्नाने आपणांस विटाळू द्यावयाचे नाही, असा दानीएलाने मनात निश्चय केला. पुढे तो राज्यात मोठ्या पदास चढला, तरी त्याच्या माडीची खिडकी यरुशलेमेकडे उघडी असे, आणि दिवसातून तीन वेळा तो तेथे गुडघे टेकीत असे. बाबेलने त्याचे नाव बदलले. ती खिडकी मात्र बाबेलला बंद करता आली नाही.

आमची खिडकी एकदा बंद झाली होती, हे आम्ही लज्जेने कबूल करतो. आम्ही सेमिनरीत शिकत असता एके दिवशी आमचे वडील एस. टी.ने आम्हांस भेटावयास आले. अंगावर मळके धोतर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या व शेंगदाण्याची चटणी. सोबत्यांनी विचारले, "हे कोण?" आम्ही म्हणालो, "आमच्या गावचे एक गृहस्थ." वडिलांनी ते ऐकले. ते काहीच बोलले नाहीत; गाठोडे आमच्या हाती देऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्या रात्री अंगणातील पेत्र आम्हांस प्रथमच नीट समजला. सुटीत घरी जाऊन आम्ही त्यांचे पाय धरले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "भाकरी खाल्लीस ना रं?"

मुलांनो, उपदेशक होऊ पाहणाऱ्याच्या हातून जे घडले ते तुमच्याही हातून घडू शकेल. ज्या हातांनी ऊस तोडून, खुरपणी करून तुमची फी भरली, त्या हातांची लाज धरू नका. पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १८५८ साली जन्मलेल्या या बाईस आईने संस्कृत शिकविले. पुढे त्या इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आल्या. विद्वानांच्या सभेत त्यांस मान होता; तरी त्यांनी आपले आयुष्य केडगावच्या माळावर विधवा व दुष्काळाने गांजलेल्या मुलींसाठी वेचले. उतारवयात त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला, तो साध्या बायकांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्यासाठी. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, तोपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही. विद्या जितकी उंच, तितकी ती खाली वाकली.

म्हणून तुम्हांस आमची तीन मागणी आहेत. जाताना आपल्या पाळकाचे पत्र घ्या आणि पहिल्याच रविवारी तेथील मंडळीत ते द्या. दुसरा रविवार येईतो सबब तयार होते. दर आठवड्यास आईबापांस फोन करा, आणि तो केवळ पैसे मागण्यासाठी नसावा. सुटीत गावी आल्यावर शब्बाथशाळेतील मुलांस तासभर शिकवा, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्यांस वाट सापडेल.

ज्यांस यश आले नाही, त्यांसही आम्ही विसरलो नाही. गुणपत्रिका तुमच्या विषयांचे गुण सांगते, तुमचे मोल सांगत नाही. ते मोल वधस्तंभावर ठरून गेले आहे. पुरवणी परीक्षा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हातचा धंदा शिकता येतो. प्रभु येशूने स्वतः सुताराचे काम केले. आईबापहो, अशा लेकराशी या दिवसांत कठोर शब्द बोलू नका व शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. उपदेशक बंधूंनो, पेढे वाटणाऱ्या घरी तुम्ही जालच. परंतु ज्या घराचे दार आज लोटलेले आहे, तेथे आधी जा.

दानीएलाचा देव बाबेलातही त्याच्याजवळ होता. तो तुमच्या वसतिगृहातही तुमच्याजवळ असो, आणि तुमची खिडकी सदा उघडी राहो. आमेन.