तीन म्हणजे खरेच तीन का?

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला. विमान वळवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणा एक नव्हे, तीन होत्या. एक बिघडली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण शेपटीत तिन्हींच्या नळ्या जवळजवळ होत्या. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही एकदम निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीला कसेबसे उतरवले. २९६ पैकी ११२ जण दगावले.

आता तुमच्या शरीराकडे पाहा. उपाशीपोटी रक्तातली साखर फार घसरू नये म्हणून स्वादुपिंडातून ग्लुकागॉन येते, अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल, पियूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक. काम एकच, पण उगम वेगळे, वाटा वेगळ्या. एका ठिकाणच्या घावाने सगळ्या वाटा एकदम बंद होत नाहीत.

इथवर तुलना छान जुळते. म्हणून आपण सहज म्हणतो, निसर्गाकडून शिका. मीही म्हणतो. पण निसर्ग हे शिकला कसा? त्याने आराखडा काढला नाही, चाचणी घेतली नाही. ज्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती ते मेले. जे तगले त्यांचे आपण वंशज. त्या शहाणपणाची किंमत असंख्य जिवांनी मोजली आणि त्याचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

अपघातानंतर डीसी-१० मध्ये, नळी फुटली तरी सगळे तेल वाहून जाऊ नये, अशी सोय केली गेली. म्हणजे आपणही मृत्यूंकडूनच शिकलो. मग फरक कुठे? आपल्याला आधी विचार करता येतो. आणि केला नाही तर आपल्याला जाब विचारता येतो.

हल्ली नव्या तंत्रज्ञानाबद्दल सर्रास ऐकू येते : आधी लोकांपर्यंत पोचवू, चुकांतून सुधारू, निसर्गही असाच शिकतो. सगळे आधी कळत नाही, हे मान्य. पण निसर्गाची पद्धत असणे म्हणजे ती योग्य असणे नव्हे. असे कुणी म्हणाले, तर तुम्ही एवढेच विचारा : चूक झाली तर ती कुणाला भोवणार? आणि त्यांना कुणी विचारले आहे का?