आधार आणि स्थैर्य

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या स्थैर्य आणि सुख या दोनच गुणांनी केलेली असून, प्रयत्न शिथिल झाल्याने, म्हणजे अंगातली ओढाताण सुटल्याने, आणि चित्त अनंताच्या ठायी लीन झाल्याने ते साधतात, असे पुढच्याच सूत्रात म्हटले आहे. हे स्थैर्य साधकाचे स्वतःचे असावे की उसन्या आधाराचेही चालावे, हा प्रश्न मात्र सूत्रांत येत नाही. या सूत्रांवरील व्यासभाष्यातील आसनांच्या यादीत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसण्याचे आसन, आढळते; तेव्हा टेका परंपरेला परका नव्हता. १९३७ मध्ये पुण्यास आलेले योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांनी लाकडी विटा, पट्टे, दोर आणि खुर्च्या अध्यापनात आणून या आधाराला पद्धतीचे रूप दिले. त्रिकोणासनात हाताखाली ठेवलेली वीट जमीन जवळ आणते, त्यामुळे छाती न आक्रसता उघडते आणि आपण नेमके कोठे वाकलो आहोत हे साधकाला कळते.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याच्या ‘स्टॅबिलिटी’ बुटाला उसन्या आधाराचा हाच प्रश्न लागू होतो. पाऊल टेकताना ते थोडे आत कलते. हा कल नैसर्गिकच असून त्यामुळे धक्का जिरतो, पण तो प्रमाणाबाहेर गेल्यास आवरावा म्हणून अशा अनेक बुटांच्या सोलमध्ये आतल्या बाजूला अधिक घट्ट फोम भरलेला असतो. अय्यंगारांनी ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या ग्रंथात ताडासनाच्या विवेचनात पादत्राणांचे तळ व टाचा कोठे झिजतात याकडे लक्ष वेधले आहे, कारण उभे राहताना भार कोणत्या कडेवर पडतो हे त्या झिजेवरून दिसते. वीट आणि बूट यांतला भेद येथेच आहे: वीट दोष दाखवते आणि पुष्कळदा पुढे काढून घेता येते, तर बूट दोष सावरून धरतो आणि झिजला की त्याच जातीचा दुसरा घेतला जातो. एवढ्यावरून बुटाला कुबडी ठरवणे मात्र घाईचे होईल. दुखऱ्या पायाला निराधार राहण्याचा उपदेश करणे हे तप नव्हे, हेकटपणा आहे.

आसनाच्या त्या दोन गुणांपैकी स्थैर्य दुसऱ्याला बाहेरून पारखता येते. सुख मात्र स्वसंवेद्य, म्हणजे ज्याचे त्यालाच जाणवणारे, असते. अमेरिकी सैन्यदलांतील नवप्रशिक्षितांना तळव्याच्या आकारावरून बूट नेमून दिले, तरी दुखापतींच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. म्हणून पाय किंचित सुजलेले असतात अशा संध्याकाळच्या वेळी, धावतानाचेच मोजे घालून बूट चढवावा, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहते का आणि टाच निसटते का हे पाहावे, आणि दुकानातच चार पावले धावून, कुशन कितीही मऊ असले तरी, पाय कुरकुरत असेल तर तो जोडा परत ठेवावा.