दवाखान्याची पाटी लावण्यापूर्वी

मागील महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या डॉक्टर मुलाला घेऊन मशिदीच्या हुजऱ्यात आले. मामूंच्या रिकाम्या गाळ्यात मुलाचा दवाखाना सुरू होणार होता. सामानासाठी चुलते पाच लाख रुपये देणार होते आणि ती रक्कम परत मिळेपर्यंत मुलाने त्यांना दरमहा आठ हजार रुपये वेगळे द्यायचे, असे तोंडी ठरले होते. निमंत्रणे वाटून झाली होती. “मौलाना, जुम्माच्या नमाजनंतर येऊन दुआ करा,” वडील म्हणाले. मी परवानग्या आणि करारनाम्याविषयी विचारले, तेव्हा ते हसले. “घरचाच मामला आहे, कागद कशाला? आणि एवढ्याशा दवाखान्याला कोण विचारतो?” मुलगा मान खाली घालून बसला होता.

आजवर अशा किती दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या उद्घाटनाला मी काहीही न विचारता दुआ केली, हे त्या रात्री मला आठवले. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो : नोंदणी, परवाने, करार ही केवळ सरकारदरबारची कामे आहेत, की अल्लाहपुढे द्यावयाच्या हिशेबाचा तो भाग आहे?

उपचाराचा मोबदला घेणे निषिद्ध नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः हिजामा करवून घेतला आणि करणाऱ्याला त्याचा मोबदला दिला. तेव्हा दवाखाना हा रोजगार म्हणून चालविण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो इतरांच्या हक्कांचा.

पहिला हक्क रुग्णाचा. वैद्यकाचे ज्ञान सिद्ध नसताना जो उपचार करील, तो नुकसानीस जबाबदार राहील, असा आदरणीय प्रेषितांच्या (स.) एका हदीसवचनाचा आशय आहे. हेतू चांगला होता एवढ्याने ही जबाबदारी टळत नाही. हिजरी 319, म्हणजे इसवी सन 931 मध्ये, बगदाद येथे एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. खलीफा मुक्तदिर यांनी फर्मान काढले की, सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेऊन अनुमती दिल्याखेरीज कोणी वैद्यकी करू नये. नामांकित वैद्यांना वगळूनही आठशेहून अधिक जणांची परीक्षा झाली. परवाना ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही, हे यावरून दिसते.

आजचे नियम याच दृष्टीने वाचावेत. आपल्या परिषदेकडे नोंदणी करून तिचा क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे, म्हणजे आपण कोण आहोत व आपले शिक्षण कोणत्या पद्धतीचे आहे, हे रुग्णापासून न लपविणे. खाटा ठेवून रुग्ण दाखल करावयाचे असल्यास 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यान्वये नोंदणी लागते. खाट एकही नसली तरी जैव-वैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम लागू होतात. वापरलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा लागतो. ती सुई साध्या कचऱ्यात गेली, तर पहाटे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात शिरेल. त्याने त्या दवाखान्याची पायरीही चढलेली नसते. परलोकात तो आपला हक्क मागेल, तेव्हा “एवढ्याशा दवाखान्याला कोण विचारतो” हे उत्तर पुरेल काय?

कोणी म्हणेल, हे नियम माणसांनी केलेले आहेत, त्यांचा दीनशी काय संबंध? परंतु नोंदणी करताना डॉक्टर सही करून वचन देतो, आणि दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदाचा आरंभच श्रद्धावंतांनी आपले करार पूर्ण करावेत या आज्ञेने होतो. ज्या नियमाने पाप करणे भाग पडत नाही आणि लोकांचे अहित टळते, तो मोडण्यास आपल्यापाशी कोणती सबब आहे?

दुसरा हक्क पैसे देणाऱ्याचा. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. नात्यातील व्यवहाराला तीत सवलत नाही. उद्या चुलत्यांचा इंतकाल झाला, तर ते पाच लाख वारसांचे होतील. कागद नसेल तर चुलतीने कोणाकडे मागावे?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मूळ रक्कम कायम ठेवून दरमहा आठ हजार घेणे म्हणजे व्याजच, मग त्याला घरात कोणतेही नाव द्या. देशाचा कायदा भागीदाराच्या भांडवलावर व्याज ठरविण्याची मुभा देतो, शरीअत देत नाही. म्हणजे कायदेशीर असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. मार्ग मात्र बंद नाहीत. चुलत्यांनी कर्ज-ए-हसना द्यावे आणि मुद्दलाचे हप्ते लिहून घ्यावेत. किंवा त्यांनी सामान स्वतः विकत घेऊन स्वतःच्या मालकीचे ठेवावे व ठरलेल्या भाड्याने द्यावे. भाडे जायज आहे, कारण पुतण्याचा दोष नसताना वस्तू निकामी झाली तर ते नुकसान मालक सोसतो. व्याज घेणारा कोणतीही जोखीम उचलत नाही. भेद येथे आहे.

तिसरी गोष्ट बाहेर क्वचित बोलली जाते. तपासणीसाठी पाठविलेल्या प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरला मिळणारे ‘कट’चे पाकीट. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी ते निषिद्ध केले आहे, आणि येथे कायदा व शरीअत यांचे एकमत आहे. रुग्ण तपासणीचे पैसे देतो आणि त्यातील वाटा त्याच्या नकळत त्याच्याच डॉक्टरकडे परततो. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल दाखविणाऱ्या प्रेषितांनी (स.) फसविणारा आपल्यातील नव्हे, असे सांगितले होते. हे पाकीट म्हणजे ती ओल होय.

त्या रात्री मी वडिलांना म्हणालो, “दुआ आजच करतो, पण उद्घाटन थोडे पुढे ढकला.” ते नाराज झाले. पत्रिका वाटल्या होत्या, बिरादरीत चर्चा होणार होती. मुलगा मात्र दोन दिवसांनी एकटाच आला. चुलत्यांनी कर्ज-ए-हसना मान्य केले होते, कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या आणि कचऱ्याच्या परवानगीचा अर्ज त्याने भरला होता. गाळा अद्याप बंद आहे. त्याचे वडील अजूनही माझ्याशी मोजकेच बोलतात. त्यांच्या नाराजीचे ओझे मला वाटते, परंतु न विचारता केलेल्या दुआंचे ओझे त्याहून जड आहे.

अल्लाह तआला त्या तरुणाच्या हातात शिफा आणि कमाईत बरकत देवो, आणि आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.