चाखणे आणि पिणे

गेल्या माघात आमच्या घरी एक लहानशी मसलत चालली होती. माझ्या पुतण्याने आणि त्याच्या पत्नीने शनिवार-रविवार जोडून नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या काठी, सावरगावच्या बाजूस जाण्याचा बेत आखला होता. सकाळी द्राक्षमळ्यातून फेरफटका, मग वाइन कशी तयार होते ते पाहणे, आणि शेवटी पाच-सहा प्रकार चाखून पाहणे, असा तो कार्यक्रम. कागदावर निघण्याची वेळ होती, नारायणगावचा चहा होता, त्याच रात्री परतण्याची वेळही होती. सर्व ऐकून घेतल्यावर माझ्या थोरल्या बहिणीने एकच प्रश्न विचारला, "चाखायची म्हणजे प्यायचीच ना रे?"

पुतण्या हसून म्हणाला, "आत्या, चाखणं निराळं आणि पिणं निराळं."

हे उत्तर खरे आहे काय, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

बहिणीने हा प्रश्न सोवळेपणाने विचारला नव्हता. तिच्या सासरी एक दीर होते. विद्वान, गाण्याचे शौकीन, मित्रमंडळीत रमणारे. त्यांनी पहिला पेला घेतला तो चार सुशिक्षितांच्या बैठकीत, केवळ आग्रहाचा मान राखण्यासाठी. पुढची हकीकत लांबवीत नाही. पेठेतील घर विकले गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. गडकऱ्यांचा सुधाकरदेखील वकील होता, अडाणी नव्हता. 'एकच प्याला' हे नाटक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले; तेव्हापासून मद्याच्या बाबतीत 'एक' हा आकडा मराठी घरांतून निर्धास्तपणे उच्चारला गेलेला नाही.

तथापि पुतण्याच्या म्हणण्यात तथ्यच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या प्रांतात ही विद्या आता अगदी नवी राहिलेली नाही. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नारायणगावास शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली. तो उद्योग पुढे बुडाला. नाशिकास राजीव सामंत यांनी १९९९ साली 'सुला'चा आरंभ केला, आणि २००१ साली सरकारनेही द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारे धोरण आखले. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात निजते आणि शरदात फळते. आपल्याकडे तिला तशी झोप नाही. म्हणून बागाईतदार उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी करतो, पावसाळा सरल्यावर फळासाठी पुन्हा छाटतो, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा करतात. तांबडीसाठी तो सालींसकट आंबवितात, म्हणून तिला रंग येतो आणि तुरटपणाही येतो. हे सारे जाणून जो घोट घेतो, त्यास त्या घोटात माती, ऊन आणि माणसाचे श्रम यांची वार्ता मिळते. हापूस आणि पायरी यांतील भेद जाणणाऱ्यास आपण रसिक म्हणतो. मग द्राक्षाच्या जाणकारास तो मान का नाकारावा? जीभ हेही एक ज्ञानेंद्रियच आहे.

परंतु याच युक्तिवादात एक कसोटी दडलेली आहे. वाइन पारखणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते घोट तोंडात घोळवितात आणि थुंकून टाकतात. दिवसभर नमुने पारखावयाचे तर गिळून चालत नाही. चाखण्याच्या दालनातही त्यासाठी एक भांडे ठेवलेले असते. आपल्या भाषेत पिकदाणीच म्हणावयाची. म्हणजे चवीचे काम बहुतेक घशाच्या अलीकडेच संपते. मी पुतण्यास विचारले, "तू थुंकून टाकशील का?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग मजा काय राहिली, काका?"

त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. आपण केवळ चवीसाठी जात नाही. मन जरा सैल व्हावे, बोलणे मोकळे व्हावे, यासाठीही जातो. ही इच्छा पाप आहे असे मला वाटत नाही. तिला दुसरे नाव देणे मात्र धोक्याचे वाटते.

दुसरी नावे देण्याची सवय आपणांस कायद्यानेही लावली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य घेणाऱ्यास परवाना लागतो, आणि तो द्यावयाचा तो आरोग्याच्या रक्षणासाठी! उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस निर्धोक नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, अण्णा हजारे यांनी त्यास विरोध केला, आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे पुष्कळांनी सांगितले. पण वाइनमध्ये शेकडा बारा-तेरा भाग जे मद्यार्क असते, तेच गुत्त्यातल्या पेल्यातही असते. प्रमाणात फरक आहे, जातीत नाही. १९०८ साली याच पुण्यात लोकमान्यांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांस परतवीत होते. ते आज द्राक्षमळ्याच्या फाटकात उभे राहिले, तर आपण त्यांस काय सांगू? 'हे दुकान नव्हे, हा मळा आहे', हेच ना?

मसलतीच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने आणखी एक प्रश्न काढला. "येताना गाडी कोण चालवणार?" भाड्याचा चालक सांगितला आहे, असे उत्तर आले. म्हणजे तो मनुष्य तीन-चार तास बाहेर बसणार. त्याने एक घोट घेतला तर आपण त्यास गुन्हेगार म्हणू, आणि ते योग्यच. आपले प्राण त्याच्या हाती असतात. पण घरी परतल्यावर त्याने आपल्या वस्तीत पेला भरला, तर त्यासही आपण व्यसन म्हणतो, आणि आपल्या पेल्यास रसिकता. एकाच वस्तूस ही दोन मापे लावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मग जाऊच नये काय? माझे मत तसे नाही. कोणत्याही धर्मकृत्यापूर्वी आपण संकल्प सोडतो. स्थळ, काळ आणि करावयाचे कृत्य उच्चारून स्वतःस बांधून घेतो. मद्याच्या बाबतीत असा संकल्प अत्यंत अवश्य आहे, कारण 'पुरे' म्हणण्यास जो विवेक लागतो, त्यावरच मद्याचा पहिला घाला पडतो. म्हणून 'पुरे' हा शब्द पहिल्या घोटापूर्वीच उच्चारून ठेवावा लागतो. सहलीचा बेत म्हणजे केवळ वेळापत्रक नव्हे. शुद्धीवरच्या माणसाने संध्याकाळच्या माणसास घातलेली ती मर्यादा आहे.

बेत पुन्हा लिहिला गेला. आधी जेवण, मग चाखणे. किती घोट गिळावयाचे तो आकडा ठरलेला, बाकीचे पिकदाणीत. रात्री मुक्काम तेथेच, चालत जाण्याइतक्या अंतरावर, म्हणजे कोणास गाडीत ताटकळत ठेवावयास नको. शेवटचे कलम बहिणीने घातले: जो नको म्हणेल त्यास दुसऱ्यांदा विचारावयाचे नाही. जिलबीचा आग्रह हे आपल्या पंगतीचे भूषण आहे. पेल्याचा आग्रह एका घराचे काय करतो, हे तिने पाहिले होते.

तीही आमच्याबरोबर आली. मळ्यातील द्राक्षे तिने तोंडात टाकून पाहिली, ती लहान, जाड सालीची आणि बियांची निघाली, तेव्हा ती म्हणाली, "आपली तासगावची बरी!" दुपारी मेजाभोवती बसल्यावर सुनेने सवयीने तिच्यापुढे पेला केला. "नको गं," ती म्हणाली. सून पुन्हा म्हणणार तोच पुतण्याने तिच्याकडे पाहिले. तिने पेला खाली ठेवला, आणि बहिणीपुढे पाण्याचे भांडे सरकविले.