केलेला प्रयत्न व्यर्थ जातो काय?

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ अर्जुनाच्या विषादाने होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सहाव्या अध्यायात तो पुन्हा व्याकुळ होतो, तिकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. पहिला विषाद कर्मापूर्वीचा होता. हे दुसरे भय केलेले कर्म फसण्याचे आहे. श्रद्धेने साधनेस लागलेला मनुष्य सिद्धीपूर्वीच ढळला, तर त्याची गती काय? संसार सुटला आणि योगही साधला नाही, असा तो दोहोंकडून भ्रष्ट होऊन फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना?

कुरुक्षेत्रापासून दिल्ली फार दूर नाही, आणि हा प्रश्न तेथे आजही रोज विचारला जातो. मुखर्जीनगर व जुने राजेंद्रनगर येथील लहानशा खोल्यांतून देशभरचे तरुण नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही पुष्कळ असतात. २०२४ च्या परीक्षेस सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले. निवड झाली १,००९ जणांची. यादीत नाव न सापडलेला तरुण खोलीचे दार लावून बसतो. घरी काय सांगावे? वडिलांचे पैसे गेले, वय गेले, बरोबरीचे मित्र संसाराला लागले. अर्जुनाचा तो ढग हाच.

भगवंतांनी दिलेले उत्तर नीट पाहावे. ‘पुढच्या खेपेस यश येईल,’ असे ते म्हणत नाहीत. कल्याणकारी कर्म करणाऱ्याची इहलोकी वा परलोकी दुर्गती होत नाही, एवढेच अभिवचन ते देतात. येथे मूळ प्रकरण योगसाधनेचे व पुनर्जन्माचे आहे, हे खरे; पण पूर्वी कमावलेली बुद्धी साधकास पुन्हा येऊन मिळते, हे तत्त्व गृहस्थासही लागू पडते. फळ हातचे जाते. कमावलेली बुद्धी जात नाही. मात्र एक अट आहे: कर्म कल्याणकारी हवे. केवळ खुर्चीसाठी केलेल्या खटपटीतून खुर्ची वजा केली, तर मागे काय उरणार?

याच दिल्लीत चिंतामणराव देशमुख यांचे उदाहरण घडले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु मुंबई महाराष्ट्रास न देण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ साली त्यांनी ते पद सोडले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना पराभव पत्करावा लागला. पहिल्या क्रमांकाच्या पुरुषासही निराशा चुकली नाही! तथापि मंत्रिपद सुटल्यावर विद्यापीठ अनुदान मंडळाची धुरा आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. पद गेले, पण पदासाठी लागणारी योग्यता लोकांच्या उपयोगी पडतच राहिली.

म्हणून प्रयत्न चालू ठेवावा की वाट बदलावी, याचा निर्णय शांत चित्ताने करावा. वाट बदलणे म्हणजे नष्ट होणे नव्हे.

आता घरच्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट. या उत्तरात श्रीकृष्ण अर्जुनास ‘तात’ म्हणतात. संपूर्ण गीतेत हे संबोधन अर्जुनासाठी येथे एकदाच आले आहे. या शब्दाचा मूळ अर्थ पिता; परंतु पिताच पुत्ररूपाने विस्तारतो, म्हणून पुत्रासही आणि पुत्रवत् शिष्यासही तो लागतो, असा उलगडा आद्य शंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. अपयशाच्या भयाने ग्रासलेल्या मित्राशी भगवंत पित्याच्या वाणीने बोलले. निकालाच्या सायंकाळी दिल्लीहून मुलाचा दूरध्वनी येईल, तेव्हा गुण किती पडले हे मागाहून विचारावे. प्रथम ‘बाळ, जेवलास का?’ असे विचारावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥