उरलेले पैसे कोणाचे?

परदेशाहून परतलेल्या माणसाला आमच्या मुक्ताईनगरात पहिला प्रश्न ‘काय पाहिले?’ असा विचारीत नाहीत; ‘किती लागले?’ असा विचारतात. यात हसण्यासारखे काही नाही. जिथे पैसा केळीच्या घडातून आणि कापसाच्या बोंडातून येतो, आणि येण्याआधीच त्याला दहा वाटा फुटलेल्या असतात, तिथे माणूस जगाचीही किंमत आधी विचारणारच. उत्तरादाखल आपण लहानसा आकडा सांगितला, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटते ते पिरॅमिडच्या वर्णनाने कधी उमटत नाही. स्वस्तात जग पाहून येणे हा पराक्रम समजला जातो, आणि तो पराक्रम आहे हे मलाही मान्य आहे. फक्त एक शंका मनातून जात नाही. जे पैसे आपण वाचवले ते नेमके कोठून वाचले? काही आपल्या पोटाला चिमटा घेऊन वाचले असतील, काही आपल्या हुशारीने. पण काही दुसऱ्या कोणाच्या ताटातून तर उचलले गेले नाहीत ना?

२०२५ च्या जानेवारीत आम्ही पाच माणसे इजिप्तला गेलो. मी निवृत्त शिक्षक. बरोबर माझी पत्नी, तालुक्यातले एक केळीबागायतदार स्नेही, त्यांच्या सौभाग्यवती आणि मोबाईलवरून तिकिटे काढण्यात वाकबगार असा माझा भाचा. बागायतदार म्हटल्यावर वाचकांनी एखादी मोठी आसामी डोळ्यांपुढे आणू नये. चार एकरांची बाग, तीतही एका वर्षी गारपीट तर दुसऱ्या वर्षी वादळ. तेव्हा आम्ही सगळेच हिशेबाने चालणारे. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पहिले चार दिवस पुरल्या. पुढे कुशरीने तारले. भात, मसूर, मॅकरोनी, वर हरभरे आणि तळलेला कांदा असा हा कैरोतल्या कष्टकऱ्यांचा पोटभरीचा पदार्थ. आपल्या खिचडीशी त्याचे नाते असावे असे मानणारे पुष्कळ आहेत. आमच्या बायकांनी तर पहिल्या घासालाच ते मान्य करून टाकले.

दुसरी बचत अंकांनी केली. तिथल्या लहान दुकानांत भाव अरबी आकड्यांत लिहिलेले असतात. या आकड्यांचे मूळ आपल्याकडचे असल्यामुळे अरब लोक त्यांना ‘हिंदी’ म्हणतात. असे असले तरी त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. माझ्या पत्नीने विमानातच दहाही अंक घोटून घेतले. त्यानंतर फळवाल्याने सांगितलेला भाव आणि पाटीवर लिहिलेला भाव यांतील फरक तिला कळू लागला. असली काटकसर मला मनापासून आवडते. जो आपली गरज कमी करतो, चार गोष्टी शिकून घेतो, मेट्रोने जातो आणि उरलेली वाट तुडवतो, त्याने कोणाचे काही घेतलेले नसते.

पण गिझाच्या वाळूत उंटवाला भेटला, आणि हिशेब इतका सरळ राहिला नाही.

गिझाच्या उंटवाल्यांच्या कीर्तीत बसायचे भाडे वेगळे आणि उतरायचे वेगळे हा भागही येतो. भाच्याने हे आधीच वाचून ठेवले होते. त्याने उंटवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या पावपट मागून सुरुवात केली आणि निम्म्याहून कमीवर सौदा तोडला. आमच्या स्नेह्यांनी त्याची पाठ थोपटली. फेरी झाली, फोटो निघाले, उंटवाल्याने पैसे मोजून घेतले आणि काही न बोलता तो चालू लागला. संध्याकाळी स्फिंक्सच्या पायथ्याच्या वस्तीतून आम्ही परतत होतो. समोरून गाढवाची गाडी आली. तिच्यावर हिरवागार चारा लादलेला. स्नेही थांबले, त्यांनी एक काडी उपटून चावून पाहिली आणि म्हणाले, “अहो गुरुजी, ही तर बरसीम!” होतीच ती बरसीम. हे गवत मूळ इजिप्तचेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हिंदुस्थानात आले आणि इथल्या गुराढोरांचे झाले. आपल्या गोठ्यातली वैरण तिच्या माहेरी भेटल्यावर शेतकरी स्वस्थ कसा बसेल? त्यांनी भाच्याकरवी भाव विचारला. पेंढी केवढ्याला, उंट दिवसाला किती खातो, उंट कोणाचा, भाड्यातले किती त्याला जाते. एका दुकानदाराला थोडे इंग्रजी येत होते. त्याने बोटांवर सगळे मांडून दाखविले. बहुतेकांचे उंट स्वतःचे नसतात. मालकाचा वाटा ठरलेला, चाऱ्याचा खर्च ठरलेला. भाडे उतरले म्हणून या दोहोंपैकी काहीच उतरत नाही. उतरते ते फक्त दोरी धरून चालणाऱ्याचे.

“म्हणजे हमाली, तोलाई, कटती,” स्नेही म्हणाले, आणि मग मुक्कामाला पोहोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

रावेर-बऱ्हाणपूरच्या बाजारात ज्याने केळी विकली आहे त्याला या तीन शब्दांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. भाव पडला तरी हमाली पडत नाही, तोलाई पडत नाही, वजनातली कटती सुटत नाही. सगळ्यांचे देऊन जे राहील ते शेतकऱ्याचे, म्हणून सगळ्यांची तूट तेवढी शेतकऱ्याची. घासाघीस करणाऱ्याला वाटते की आपण किमतीशी झुंजतो आहोत. त्या किमतीत चार माणसे बसलेली असतात आणि मार नेहमी शेवटच्याला लागतो, हे त्याला दिसत नाही.

भाच्याचे म्हणणे अर्थातच वेगळे होते, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. तो म्हणाला, “मामा, पहिला आकडाच तिप्पट सांगतात. तो मुकाट्याने दिला तर बाजार बिघडतो आणि मागून येणाऱ्या गरीब प्रवाशाला जास्त भुर्दंड बसतो. शिवाय आपण कुठले श्रीमंत? तिकिटाच्या खिडकीवर आपल्याला अमेरिकनांच्याच रांगेत उभे करतात!” हेही खरे. गिझाच्या खिडकीवर परदेशी माणसाला तिथल्या नागरिकाच्या दसपटीहून अधिक मोजावे लागतात, आणि मुंबईचा परदेशी व न्यूयॉर्कचा परदेशी असा भेद खिडकी करीत नाही. पण आम्ही कुरकुर करीत असताना मला अजिंठा आठवला. मुक्ताईनगरहून सकाळी निघालेला माणूस अजिंठा पाहून रात्री घरी जेवायला येतो. तिथे २०१८ पासून आपल्याला तिकीट ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६००. कैरोचा एखादा शिक्षक पै पै साठवून अजिंठ्याला आला तर तोही सहाशेच भरणार. त्याच्यासाठी आमच्यापैकी कोणी कधी हळहळले आहे काय? आणखी एक गंमत अशी, की खिडकीशी कोणी घासाघीस करीत नाही. तिथे काच असते, छापील पावती असते, सरकार असते. तिथे गेलेला पैसा आपण बाहेर येऊन उंटवाल्याकडून वसूल करू पाहतो.

आमचा रुपया तिथे बरा चालला याचेही कारण पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये इजिप्तने आपला पौंड मोकळा सोडला. डॉलरला एकतीसच्या आसपास मिळणारे पौंड एकाएकी पन्नासाच्या घरात गेले. परदेशी पाहुण्यांचा प्रवास त्याने सवंग झाला. मग त्याच वर्षी १ जूनला सरकारी सवलतीची भाकरी पाच पियास्टरांवरून वीस पियास्टरांवर गेली. शंभर पियास्टर म्हणजे एक पौंड, तेव्हा आकडा लहान आहे. पण ही भाकरी तीन दशकांहून अधिक काळ महागली नव्हती, आणि १९७७ मध्ये भाकरी महाग होणार म्हटल्याबरोबर कैरोचे रस्ते पेटले होते व सरकारला भाववाढ मागे घ्यावी लागली होती. इजिप्तची माणसे भाकरीला ‘ऐश’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ जगणे असा आहे. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन! एकच शब्द समुद्र ओलांडताना केवढा बदलला. चलन पडले हा माझा अपराध नव्हे, हे मला समजते. पण ज्या पडझडीने माझी खोली स्वस्त झाली तिनेच खोली झाडणाऱ्याचे घर महाग केले, एवढे तरी मला ठाऊक असले पाहिजे.

कोणी म्हणेल, हा सगळा सुखवस्तू मनाचा खेळ आहे. स्वस्तात प्रवास तर आपले वारकरीही करतात. करतात, आणि म्हणूनच मी हा प्रश्न मुक्ताईनगरात बसून विचारतो आहे. जुन्या कोथळीच्या देवळातून मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड हे जिल्हे ओलांडून महिनाभराने आषाढीला पंढरपुरी पोहोचते. पाचशे किलोमीटरांहून लांबची ही वाट तुडवणाऱ्या म्हातारीच्या गाठीला काय असते? एक लुगडे, एक ताट-लोटा आणि कनवटीला चार नोटा. तिचा प्रवास आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. वाटेवरची गावे तिला जेवू घालतात. दुष्काळाच्या वर्षीही घालतात, आणि तेव्हा ती भाकरी कोणाच्या तरी घरात कमी पडतच असेल. यात सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. तरी दोन गोष्टी तिथे निराळ्या आहेत. जे मिळते ते देणाऱ्याने होऊन दिलेले असते, आणि घेणारी ते दिलेले आहे म्हणूनच घेते. गावी परतल्यावर ती असे सांगत नाही, की अमक्या गावात मी एका बाईकडून भाकरी निम्म्या भावात पाडून घेतली. सांगते ते हे, की त्या घरी पिठले फार चांगले होते. प्रवास दोघांचाही स्वस्त. पण उरलेले कोणी भरले हे म्हातारीला माहीत असते आणि आम्हांला नसते.

पिरॅमिडपाशी तर हा प्रश्न फारच जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस तिथे गेला. त्याच्या वेळीदेखील ते दगड दोन हजार वर्षांचे होते. वाटाड्याने त्याला एक लेख दाखवून सांगितले, की बांधणाऱ्या मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर किती खर्च झाला ते यात लिहिले आहे: सोळाशे टॅलेंट चांदी. वाटाड्याला ते वाचता येत होते की नाही याबद्दल पंडितांना दाट शंका आहे. वाटाडे तेव्हाही वाटाडेच होते. परंतु मला हिरोडोटसचे कौतुक वाटते. एवढा डोंगर पाहून कांदा-लसणाचा हिशेब टिपून ठेवणारा प्रवासी विरळा.

खरा हिशेब पुढे सापडला. १९९० मध्ये गिझाला एका घोड्याचा पाय मातीच्या भिंतीला अडखळला आणि मजुरांच्या कबरी उघडकीला आल्या. त्यानंतर त्यांच्या वस्तीतल्या भाकरीच्या भट्ट्या निघाल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी पिएर ताले या फ्रेंच संशोधकाला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. मेरेरची टोळी तुऱ्याच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेने खुफूच्या पिरॅमिडकडे नेत असे. आज काय लादले, रात्री कुठे मुक्काम केला, असे साधे लिखाण. आजवर हाती आलेले लिहिलेले पपायरस आहेत त्यांत याहून जुने काही नाही, आणि त्याच्याच जोडीला मिळालेल्या कागदांत भाकरी व मद्य किती आले याच्या नोंदी आहेत. ती माणसे गुलाम नव्हती असे आता बहुतेक विद्वान मानतात. ती हौसेने आली होती असेही कोणी म्हणत नाही. पण त्यांना खाऊ घातले होते, आणि घातलेले लिहून ठेवले होते.

रात्रीच्या आगगाडीने आम्ही लक्सरला आलो. नाईलमधून शिडाच्या होडीत फिरायचे होते. या वेळी सौदा करायला स्नेही पुढे झाले. नावाड्याने तासाचा आकडा सांगितला. त्यांनी आधी होडी कोणाची ते विचारले. ती त्याच्या मेहुण्याची होती. मग मेहुण्याला किती, तुला किती. नावाडी प्रथम चपापला, नंतर हसला आणि सांगू लागला. पहिला आकडा फुगवलेलाच होता. तो स्नेह्यांनी खाली आणला, पण एका ठिकाणी येऊन थांबले. भाचा हळूच म्हणाला, “अजून उतरेल.” ते म्हणाले, “उतरेल रे. पण आपण तासाऐवजी अर्धाच तास फिरू. दर नको पाडायला.” आम्ही अर्धा तास फिरलो. सूर्य मावळण्याच्या आत होडी काठाला लागली, आणि नाईलवरचा सूर्यास्त पाहायचा राहिला म्हणून दोन्ही बायका दिवसभर धुसफुसत होत्या. त्यांचेही काही चूक नव्हते. एवढ्या दूर पुन्हा कोण येणार?

दुसऱ्या दिवशी पश्चिम तीरावर देर अल-मदिना पाहिले. राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली आणि रंगविली त्या कारागिरांचे हे गाव. आपल्याकडच्या जुन्या गावठाणासारख्या अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली, गुडघ्या-कमरेएवढी उरलेली घरे. गर्दी नव्हती. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ११५७ च्या सुमारास, या गावाचे धान्य थकले. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. अमेननख्त नावाच्या लेखनिकाने ते टिपले. तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला जगातला हा पहिला संप.

मी हे सांगत असताना स्नेही एका उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

“मग? मिळाले का धान्य?”

“त्या महिन्याचे मिळाले,” मी म्हणालो, “पुढचे पुन्हा थकले. तेव्हा पुन्हा जाऊन बसले.”