चूक कुणाचीच नाही, मग जबाबदारी कुणाची?

काही बिघडलं की आपला पहिला प्रश्न असतो, "चूक कुणाची?" चूक करणारा सापडला की त्यानंच ती निस्तरावी, हा सरळ न्याय. पण नीट शोध घेतल्यावर कुणाचीच चूक निघाली नाही तर? माझ्या व्यवसायात असे प्रसंग वाटतात त्याहून जास्त येतात. त्यातला एक सांगतो. थोडा तांत्रिक आहे, पण दाराच्या कडीइतकाच.

'एस्क्यूलाइट' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण ते बहुतेकांच्या खिशात आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला हा छोटासा डेटाबेस आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत असतो. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. तो लायब्ररीच्या रूपात प्रोग्रामच्या पोटातच राहतो आणि सगळी माहिती एका फाइलमध्ये ठेवतो. एकाच वेळी दोघांनी त्या फाइलमध्ये लिहू नये म्हणून लिहिणारा तिला कुलूप लावतो.

आता गंमत पाहा. लिनक्ससारख्या प्रणालींत हे कुलूप लायब्ररीच्या नव्हे, तर चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रामच्या नावावर असतं. आणि पॉझिक्स मानकाचा जुना नियम असा, की प्रोग्रामच्या कुठल्याही भागानं ती फाइल बंद केली, की त्या प्रोग्रामनं तिला लावलेली सगळी कुलपं निघतात. एकत्र कुटुंबातला एक भाऊ बाहेर पडला, की घरात बाकीची माणसं असूनही सगळ्या कड्या आपोआप निघाव्यात, तसं! एस्क्यूलाइटला हे ठाऊक आहे. म्हणून तो उघडलेल्या फाइलींची यादी ठेवतो आणि कुलूप असेपर्यंत फाइल बंद करणं पुढे ढकलतो.

पण एकाच प्रोग्राममध्ये एस्क्यूलाइटच्या दोन प्रती असल्या तर? एका ग्राहकाकडे नेमकं हेच झालं. हिशेबाच्या मुख्य प्रोग्राममध्ये एक प्रत होती आणि अहवाल काढण्यासाठी विकत घेतलेल्या भागाच्या आत दुसरी. दोन प्रती, दोन याद्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. अहवालाच्या प्रतीनं फाइल वाचून शिस्तीत बंद केली, की मुख्य प्रतीचं कुलूप निघून जाई. ती मात्र कुलूप आहे असं समजून लिहीत राही. त्याच क्षणी शाखांच्या नोंदी भरणारा दुसरा प्रोग्राम फाइल मोकळी समजून लिहू लागला, की सगळा घोळ. त्या वेळी संदेश काहीच येत नसे. फाइल खराब झाल्याचं कळे, ते बऱ्याच उशिरा.

बैठकीत प्रत्येकानं आपली बाजू मांडली आणि प्रत्येकाची खरी होती. अहवालवाले म्हणाले, "ग्राहकाकडे कुठली आवृत्ती असेल याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही आमची प्रत सोबत देतो." प्रोग्रामरांनीही आपली प्रत त्याच कारणासाठी ठेवली होती. एस्क्यूलाइटच्या माहितीपत्रकांत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. नियम बदलावा, तर असंख्य जुने प्रोग्राम त्यावर विसंबलेले. दोघांनी घेतलेल्या काळजीतूनच अपघात घडला होता.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञ. त्यांच्या मृत्यूनंतर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस' या पुस्तकात त्यांनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला आहे. दोष मागे पाहतो, कुणी काय केलं ते शोधतो. जबाबदारी पुढे पाहते, आपल्या सहभागातून होणारं नुकसान थांबवायला आपण काय करू शकतो ते विचारते. त्यांचा विषय सामाजिक अन्यायाचा होता, पण हा भेद मला इथेही उपयोगी वाटतो. माझ्या मते, दोष कुणाचाच नसेल तेव्हा जबाबदारी दोघांना एकत्र आणणाऱ्याकडे येते, कारण दोन्ही बाजू पाहणं त्यालाच शक्य असतं. इथे ते ग्राहकाचे प्रोग्रामर होते. त्यांनी अहवालवाल्यांच्या मदतीनं दोघांना मिळून एकच सामाईक प्रत वापरायला लावली आणि त्रास थांबला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याला दिसलं त्याच्याच गळ्यात काम पडणार असेल, तर शहाणा माणूस डोळे मिटून बसेल! म्हणूनच हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. जबाबदारी घेणाऱ्याला आपण आरोपी ठरवलं, तर पुढच्या वेळी कुणीच पुढे येणार नाही. पुढाकार एकाचा असला, तरी खर्च आणि कष्ट सर्वांनी वाटून घ्यायला हवेत.

आपल्या परदेशस्थ कुटुंबांना हे नवीन नाही. समजा, आई पुण्यात आहे. मुलगा इथून फोन करून हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतो, मुलगी तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेते. दोन्ही डॉक्टर रक्तदाबासाठी एकच औषध देतात, पण दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. आई दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेते आणि एक दिवस चक्कर येऊन पडते. मग भावाबहिणीत फोनवर वाद, "मी काय चुकीचं केलं?" दोघांनीही काही चुकीचं केलेलं नसतं. फक्त दोन्ही चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून कुणी पाहिलेल्या नसतात.

दोघांपैकी कुणालाही हे करता येतं, आणि दूर राहणाऱ्याला तर फोनवरूनही जमतं. म्हणून "माझ्याकडून सगळं बरोबर आहे" असं म्हणण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा, "तुझ्याकडे काय चाललंय?"